निरोगी बहात्तर

बारकी शेहेचाळीस वर्षांची झाली तरी घरात बारकीच राहिली. बाहेर तिला मॅडम म्हणत, परिषदांमध्ये डॉक्टर म्हणत, आणि भावाकडे जेवायला गेली की वहिनी म्हणे, "आधी हात धुऊन ये गं बाई, दिवसभर कशाकशात घालून आलीस कोण जाणे." त्यावर सगळं घर हसे आणि बारकीही हसे, कारण त्यात खोटं काही नव्हतं. तिचं कामच शौचाच्या नमुन्यांचं होतं. लोकांनी लहान डब्यांत भरून दिलेली शी, तिच्यातले जीवाणू आणि त्या जीवाणूंचा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरशी असलेला संबंध. वीस वर्षं तिनं यातच काढली होती. चार लोकांत कुणी विचारलंच की तुम्ही काय करता, तर तिनं तोंड उघडायच्या आत तिचा मोठा भाऊ सांगून मोकळा होई, "ती जगाची घाण निवडते आणि वर त्याची बक्षिसं घेते."

हा मोठा भाऊ म्हणजे दादा. दादा मोटरी दुरुस्त करायचा. पंपाच्या, गिरणीच्या, लिफ्टच्या जळालेल्या मोटरी त्याच्या दुकानात येत. तो त्या उघडे, आतली जळकी तार उपसून काढे आणि नवी तार हातानं गुंडाळून बसवे. वडील गेले तेव्हा तो एकोणीसचा होता नि बारकी नऊची. तेव्हापासून तिची वेणी घालण्यापासून तिच्या परीक्षेच्या फॉर्मवर पालक म्हणून सही करण्यापर्यंत सगळं त्यानंच केलं. वेण्या वाकड्या यायच्या, ती गोष्ट वेगळी. तिच्या कामातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही असं तो स्वतःच सांगत फिरे, पण प्रश्न असे विचारी की तिच्या विद्यार्थ्यांनाही सुचू नयेत.

बारकी एका जीवाणूच्या मागे लागली होती. हा मूळचा राहणारा तोंडातला, हिरड्यांतला. पण मोठ्या आतड्यात गाठ असली की तिथं तो पुष्कळदा सापडतो, आणि नुसता सापडत नाही, चांगला ठाण मांडून बसलेला असतो. प्रयोगशाळेत त्याला सगळे भाडेकरू म्हणत. गाठ असते म्हणून हा येतो, की हा आल्यामुळं गाठ वाढते, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. बारकीचं म्हणणं साधं होतं. डबीतल्या नमुन्यात भाडेकरू किती आहेत ते मोजायचं, आणि ज्याच्यात फार निघतील त्याला लवकर दुर्बिणीच्या तपासणीला पाठवायचं. दुखायला लागायच्या आधी, वजन उतरायच्या आधी.

त्यासाठी रोगी हवे होते आणि निरोगीही. रोगी मिळत; ते बिचारे हॉस्पिटलात आलेलेच असत आणि मागाल ते देत. घोडं पेंड खाई ते निरोग्यांपाशी. धडधाकट माणसाला शी मागितली की तो आधी हसे, मग लाजे, मग फोन उचलणं बंद करी. बारकीनं पत्रकं वाटली, भाषणं दिली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही असं ठरवून सरळसरळ मागून पाहिलं. सहा महिन्यांत कशाबशा चाळीस डब्या जमल्या. शेवटी दादानं मनावर घेतलं. त्यानं दुकानाच्या काउंटरवर रिकाम्या डब्यांचं खोकं मांडलं आणि मोटर न्यायला आलेल्या प्रत्येकाला तो गंभीर चेहऱ्यानं सांगू लागला की तुमची मोटर तयार आहे, फक्त माझ्या बहिणीचं एक काम करायचंय. माणसं चक्रावत, हसत, आणि डबी खिशात घालून जात. तीन महिन्यांत निरोग्यांचा आकडा शंभराच्या वर गेला.

त्यातली एक डबी दादाची स्वतःची होती. कुठली ते बारकीला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायलाही नको होतं. डबीवर फक्त नंबर असे. 'नि' म्हणजे निरोगी, आणि पुढे आकडा. कुठला नंबर कुणाचा याची यादी विभागप्रमुख सरांच्या कपाटात कुलपात. मोजणाऱ्यानं माणसाचं तोंड पाहू नये, पाहिलं की मोजमाप तिकडे झुकतं, असा त्यांच्या धंद्याचा नियम, आणि नियम चांगलाच आहे. मात्र संमतीच्या कागदावर शेवटी एक ओळ होती, ती बारकीनंच भांडून घालून घेतली होती. नमुन्यात लक्ष देण्यासारखं काही आढळलं तर प्रमुख संशोधक यादी उघडायला लावून त्या व्यक्तीला कळवतील. प्रमुख संशोधक म्हणजे बारकी.

मोजमाप झालं, ग्राफ निघाला. रोग्यांचे ठिपके वर, निरोग्यांचे खाली, मध्ये चांगली रुंद मोकळी जागा. पण तीन निरोगी ठिपके खालचं आपलं घर सोडून वर रोग्यांत जाऊन बसले होते. एकोणीस, बहात्तर आणि एकशे चार. या तिघांमुळं मधली मोकळी जागा पार बुजून जात होती, आणि बारकीनं जर्नलला पाठवलेला निबंध तपासणाऱ्यांनी नेमकं त्याच्यावरच बोट ठेवलं होतं. उत्तर द्यायला नऊ दिवस होते.

नमुने सांभाळायला एक ताई होत्या. बारकीपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, प्रयोगशाळेत सगळ्यांत जुन्या. कुठली डबी कुठल्या दिवशी आली, कुठल्या टेबलावर उघडली, शेजारी काय ठेवलं होतं, सगळं त्यांच्या नोंदवहीत बारीक अक्षरात असे. त्यांनी बिचाऱ्यांनी सुचवलं की या तिघांकडून एकेक डबी परत मागवून घेऊ या, दोन दिवसांचं तर काम. पण बारकीनं तोवर मनाशी ठरवून टाकलं होतं. या तीन डब्या रोग्यांच्या डब्यांशेजारी उघडल्या गेल्या असणार, एखादा शिंतोडा उडाला असणार, नमुने दूषित झाले असणार. असणार, असणार, असणार. ताई म्हणाल्या, नोंदवहीत बघून सांगते. तेव्हा बारकीचं डोकं फिरलं.

"ताई, एक डबी मिळवताना नाकी नऊ आलेत माझ्या. आता परत कोण देणार? तुम्ही नमुने सांभाळा, निष्कर्ष मी काढते."

ताईंनी वही मिटली आणि त्या नळ्या धुवायला निघून गेल्या. बारकीनं तीन ठिपके पुसले आणि निबंधात बारीक अक्षरात तळटीप टाकली की तीन नमुने दूषित असल्यामुळं वगळले आहेत. ग्राफ कसा धुतल्यासारखा स्वच्छ झाला.

आता यात तिनं चोरी केली असं कुणी म्हणणार नाही. वेडावाकडा ठिपका काढून टाकणं ही त्या लोकांची रोजची गोष्ट, नि त्यासाठी नियमही आहेत. नियम एवढंच म्हणतात की काढण्याआधी बघा. नोंदवही तिच्या टेबलापासून सहा पावलांवर होती. ती सहा पावलं बारकीनं टाकली नाहीत, कारण वहीत भलतंच काही निघालं तर नऊ दिवस पुरणार नाहीत, हे तिला आतून ठाऊक होतं. निबंध छापून आला. टाळ्या झाल्या. तोच ग्राफ भिंतीएवढ्या पडद्यावर दाखवत ती चार ठिकाणी बोलून आली, आणि दादानं छापील पान दुकानात वायरच्या रिळांच्या वर चिकटवून ठेवलं.

ठिपके पुसल्याला चौदा महिने झाले, आणि एके दिवशी वहिनीचा फोन आला. दादाला शौचातून रक्त पडत होतं. आज नाही, पाच महिन्यांपासून. अख्ख्या गिऱ्हाइकांना डब्या वाटणारा हा माणूस स्वतःच्या बहिणीला ही गोष्ट सांगायला लाजला होता. मूळव्याध असेल म्हणून औषधाच्या दुकानातून मलमं आणून लावत बसला होता. वहिनीनं कपडे धुताना पाहिलं आणि ती हबकली. पुढचं सगळं भराभर झालं. दुर्बिणीची तपासणी, फोटो, तुकडा काढून पाठवणं. गाठ होती, मोठी होती आणि आतड्याच्या भिंतीतून बाहेर पडून शेजारच्या ग्रंथींपर्यंत पोचली होती. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरनं बारकीला आपल्यातलीच म्हणून व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि सांगितलं की वर्षभर आधी आले असते तर नुसती गाठ काढून घरी पाठवलं असतं. आता बघू.

वॉर्डात दादा उशीला टेकून बसला होता. बहिणीचा पडलेला चेहरा बघून तोच तिची समजूत घालायला लागला. मग त्यानं पाकीट मागवलं, त्यातून घडी करून ठेवलेली एक चिठ्ठी काढली आणि तिच्या हातात दिली. डबी देणाऱ्या प्रत्येकाला नंबराची अशी चिठ्ठी मिळत असे.

"हा माझा नंबर. मी निरोगी म्हणून दिलं होतं. आता मला त्यातून काढ बाई, नाहीतर माझ्या एकट्यामुळं तुझं सगळं गणित चुकायचं."

चिठ्ठीवर नि-७२ असं छापलेलं होतं. बारकी त्या आकड्याकडे बघत राहिली.  "काढते," ती म्हणाली.  चौदा महिन्यांपूर्वीच तिनं त्याला काढलं होतं, आणि आता ती त्याला सांगत होती की काढते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ती सहा पावलं टाकली. ताईंची वही उघडली. बहात्तर नंबरची डबी एका सोमवारी आली होती. त्या दिवशी रोग्यांचा एकही नमुना उघडलेला नव्हता. टेबल सकाळीच पुसून घेतल्याची ताईंची सहीसुद्धा होती. एकशे चारचंही तसंच. एकोणीस तेवढा रोग्यांच्या शेजारी उघडला होता. बघायला एकूण चार मिनिटं लागली. ताई आत आल्या, काही शोधताय का म्हणून विचारलं. बारकी म्हणाली, नाही, सहज. चोराच्या मनात चांदणं. ताईंनी नुसतं वहीकडे पाहिलं तरी तिला वाटलं की यांना सगळं कळलंय.

त्या दिवसापासून तिनं स्वतःची वकिली सुरू केली. भाडेकरू सापडला म्हणजे गाठ असतेच असं थोडंच आहे? कितीतरी धडधाकट माणसांत तो निघतो. कळवलं असतं तरी दादानं तपासणी करून घेतली असती याची काय खात्री? हा माणूस मलमं लावत बसणारा. एकेक मुद्दा बिनतोड होता आणि एकही मुद्दा तिच्या उपयोगी पडत नव्हता. कारण दादानं घेतली असती. बारकी म्हणाली असती, दादा चल, तर तो हातातली तार टाकून, हात पुसत पुसत आला असता. हे तिला जितकं पक्कं माहीत होतं तितकं जीवाणूंबद्दलसुद्धा काही माहीत नव्हतं. साऱ्या जगाला धोक्याची सूचना द्यायला निघालेली बाई, आणि काखेत कळसा. नुसता काखेत नाही, हातात घेऊन फेकून दिलेला कळसा.

शस्त्रक्रिया झाली. आतडं जुळून येईपर्यंत दादाच्या पोटावर पिशवी लावली होती. ती रिकामी करायचं, धुवायचं, परत बसवायचं काम बारकीनं स्वतःकडे घेतलं. वहिनीला हात लावू देईना. दादा म्हणाला, बघ, आता तुला नमुने घरबसल्या मिळतायत, खोकं मांडायलाही नको. वहिनी खो खो हसली. किती दिवसांनी हसत होती ती. बारकीला हसता आलं नाही. वहिनी शेजारणींना सांगे की घरात असं माणूस असायला भाग्य लागतं, पोटच्या पोरीनं केलं नसतं इतकं नणंद करते. हे कानावर पडलं की बारकीला मेल्याहून मेल्यासारखं होई. ती मोरीत जाऊन नळ सोडून उभी राही. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, पण लोक तिचं कौतुक करत होते, आणि ती ते कौतुक घेत होती. एका परिषदेचं बोलावणं आलं तेव्हा घसा बसलाय म्हणून तिनं खोटंच कळवलं. त्या ग्राफसमोर उभं राहायची तिची छाती नव्हती.

असे सहा आठवडे गेले. केमोच्या औषधांचा पहिला फेरा झाल्यावर दादा दुपारचा तासभर दुकानात जाऊन बसू लागला. उचलायचं काही नाही, नुसतं स्टुलावर बसून कारागिराला सांगायचं. एका दुपारी बारकी त्याला गोळ्या द्यायला गेली. कारागीर जेवायला गेला होता. दादासमोर एक उघडी मोटर होती आणि तो टेस्टरची टोकं इथं तिथं लावून बघत होता. वर रिळांपाशी ते छापील पान अजून तसंच चिकटवलेलं होतं, तेलाच्या बोटांनी कडा काळ्या झालेलं. ते बघितलं आणि तिला राहवलं नाही. उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगून टाकलं. तीन ठिपके, नऊ दिवस, ताई काय म्हणाल्या नि आपण काय म्हणालो, सोमवारची नोंद, व्हरांड्यात डॉक्टर काय बोलले ते. काही गाळलं नाही.

दादानं ऐकलं नाही असंच तिला आधी वाटलं. तो टेस्टरकडे बघत होता. मग त्यानं विचारलं, "दूषित म्हणजे काय?"

"दुसऱ्याचं काहीतरी तुझ्यात मिसळलं असेल, असं मी धरलं."

"धरलंस. बघितलं नाहीस."

"नाही."

दादानं टेस्टर खाली ठेवला. "माझ्याकडे दहा मोटरी आल्या आणि त्यातली एकच बाकीच्यांसारखी चालेना, तर मी आधी तीच उघडतो," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, काही नाही. धंद्यातली एक साधी गोष्ट सांगावी तसं सांगितलं. बारकीला वाटलं, यानं एखादा पाना फेकून मारला असता तर परवडलं असतं.

ती खालीच बसली, तारेच्या तुकड्यांत. रडत रडत म्हणाली की मला बोल, हाकलून दे, वहिनीला सांग, सहा आठवडे मला तुझ्या तोंडाकडे बघवत नाही. दादानं तिला रडू दिलं. मग तो म्हणाला की वहिनीला एवढ्यात सांगू नकोस, ती सध्या तुझ्याच जिवावर उभी आहे; बरावाईट जो काय निकाल लागेल तो लागल्यावर मी सांगेन. आणि राग आलाय का म्हणून विचारशील, तर हो, आलाय. कमी होईल की नाही ठाऊक नाही. एवढं बोलून त्याला दम लागला. तिनं पाणी दिलं, ते त्यानं घेतलं.

पाणी पिता पिता तो थांबला.

"तीन म्हणालीस ना?"

"हो."

"एक मी. बाकीचे दोघं कोण?"

 बारकीला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं हे एक वेळ ठीक होतं, यादी कुलपात होती. पण सहा आठवडे तिनं लाज खाल्ली होती, लाज प्यायली होती, लाजेपायी धड झोपली नव्हती, आणि या सहा आठवड्यांत बाकीचे दोघं तिच्या मनात एकदासुद्धा आले नव्हते. सोमवारची नोंद तिनं बघितली तेव्हा एकशे चारची नोंदही त्याच पानाच्या मागे होती. ती वाचून तिनं पान उलटलं होतं. तिची लाजसुद्धा घरापुरतीच होती.

दादाला ते तिच्या चेहऱ्यावरच दिसलं. तेव्हा मात्र त्याचा आवाज चढला. "अगं, मी दिल्यात त्या डब्या लोकांना. माझ्या तोंडाकडे बघून भरून आणल्या त्यांनी. उद्या कुणी दुकानात येऊन उभा राहिला तर मी काय तोंड दाखवू? आणि तू इथं माझ्यापाशी रडत बसलीस. ऊठ."

ती उठली. तोंडही न धुता निघाली आणि थेट सरांच्या खोलीत गेली. सर काही वाईट माणूस नव्हते, पण निबंधावर त्यांचंही नाव होतं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले की संस्थेच्या समितीपुढे ठेवू, पुढच्या महिन्यात बैठक आहे, छापून झालेल्या गोष्टीला घाईनं हात लावू नये, झाकली मूठ सव्वा लाखाची असते. बारकी म्हणाली, मूठ मी उघडते. चूक झाल्याचं पत्र जर्नलला मीच लिहिणार आहे, खाली एकटीची सही करते. पण ते उद्या. आज कपाट उघडा. संमतीच्या कागदावर तसं लिहिलंय, आणि ती ओळ मीच घातलीय.  सरांनी किल्ली काढली.

फोन तिनं प्रयोगशाळेतून केले. करण्याआधी ती ताईंपाशी गेली. सव्वा वर्षापूर्वी तुम्ही सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, उलट तुमचाच अपमान केला, असं सगळ्यांसमोर म्हणाली. ताई म्हणाल्या, अपमानाचं राहू दे, तिघांत एक तुझा भाऊ निघाला हे मला त्या दिवशी तुझ्या चेहऱ्यावरूनच कळलं होतं. मी वाट बघत होते तू दुसऱ्यांचं कधी विचारतेस त्याची. आज विचारलं नसतंस तर उद्या मीच सरांकडे जाणार होते.  ताईंनी वही उघडून तिच्यापुढे ठेवली आणि शेजारी खुर्ची ओढून त्या बसल्या.

एकोणीस नंबर म्हणजे एका शाळेच्या कचेरीत काम करणारी बाई. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, तपासणीचा दिवस लिहून घेतला आणि फोन ठेवला. रागावली होती की घाबरली होती ते कळलं नाही.

एकशे चार म्हणजे लिफ्टची देखभाल करणारा एक माणूस. त्याच्या लिफ्टच्या मोटरी दादाकडेच येत. बारकीनं आपण कोण ते सांगितलं तसा तो एकदम खुलला. पलीकडे रेडिओ चालू होता आणि त्याच्यावर आवाज काढून तो बोलत होता. "मोटरवाल्या दादांची बहीण ना तुम्ही? कसे आहेत दादा? ऐकलं आम्ही. आणि काय हो मॅडम, माझी ती डबी आली का काही कामाला? घरात सगळे अजून हसतात मला त्याच्यावरून."

बारकीनं वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. तुमच्या नमुन्यात काही जास्त आढळलं होतं, ती म्हणाली. त्याचा अर्थ रोग असेलच असं नाही, पण तुमची दुर्बिणीची तपासणी करून घ्यायला हवी. या आठवड्यातच. मी स्वतः सोबत येते.

 त्याचा आवाज एकदम पार उतरला, वर्गात उभं केल्यासारखा. "माझंच काहीतरी चुकलं असणार, मॅडम. तुमच्या कागदावर लिहिलं होतं तसंच केलं होतं मी सगळं. पण आम्ही काय, काळ्या हातांची माणसं. हात लागला असेल कुठंतरी."

"तुमचं काही चुकलं नाही," बारकी म्हणाली.  "तुमची डबी चांगली होती. मला हे सव्वा वर्षापूर्वीच दिसलं होतं. मी तेव्हाच तुम्हाला फोन करायला हवा होता, आणि मी केला नाही."

 त्यानं घरात कुणाला तरी रेडिओ बंद करायला सांगितला.

"हां," तो म्हणाला. "आता सांगा."